ओवारे हा आफ्रिकन खेळ कॉम्प्युटरविरुद्ध जिंकता येतो का?

साध्या मोबाइल अ‍ॅपला नक्की हरवता येतं. एकही चूक न करणाऱ्या प्रोग्रामशी मात्र जास्तीत जास्त बरोबरीच होईल. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या जॉन रोमाइन आणि हेन्री बाल यांनी या खेळातल्या सुमारे ८८९ अब्ज स्थिती कॉम्प्युटरकडून तपासून घेतल्या. दोघंही अचूक खेळले तर डाव २४-२४ असा सुटतो, हे त्यातून सिद्ध झालं.

घानात हा खेळ घराघरात माहीत आहे. दोघांचे सहा-सहा खळगे, प्रत्येकात चार बिया. एक खळगा रिकामा करून पुढे एकेक बी पेरत जायची. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडून तिथे दोन किंवा तीन झाल्या, की त्या तुमच्या. त्याच्या लगतच्या मागच्या खळग्यांतही ओळीने दोन-तीनच असतील, तर त्याही उचलायच्या. पंचवीस झाल्या की जिंकलात.

आता कामाची गोष्ट. एका खळग्यात बिया साठू द्या, बारा-तेराच्या पुढे. एवढ्या बिया पेरताना पूर्ण फेरी होते, मूळ खळगा वगळला जातो आणि समोरच्या काही खळग्यांत दोन-दोन बिया पडतात. म्हणजे रिकामे खळगेसुद्धा एका दमात खाता येतात! चार-पाच चालींपुरतंच बघणाऱ्या प्रोग्रामला हा धोका फार उशिरा दिसतो. माझ्या मते लेव्हल कमी ठेवून आधी हीच चाल घोटावी, कारण ओवारेची खरी गंमत तिच्यातच आहे.