प्रबंध सादर करण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या प्रबंधाचे शीर्षक 'ग्रामीण कथेतील सामाजिक जाणीवा' असे नोंदवले आहे. मार्गदर्शकांनी 'जाणीवा'वर लाल खूण केली. 'जाणीव'मध्ये दीर्घ णी चालते, मग 'जाणीवा' चूक कसे? दुसऱ्या प्रकरणाचे नाव 'संशोधन पद्धतीशास्त्र' असे आहे, त्यावरही खूण आहे.

उत्तर : दोन्ही खुणा बरोबर आहेत, पण कारणे निरनिराळी आहेत.

'जाणीव' हा मराठी शब्द. त्यातले उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ आहे, कारण शेवटचे अक्षर अकारान्त आहे. अनेकवचन झाले किंवा प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होते. जाणीव–जाणिवा–जाणिवेतून, उणीव–उणिवा, चूक–चुका, गरीब–गरिबांना. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या तत्सम शब्दांत मात्र असा बदल होत नाही : समूह–समूहाचे, स्वरूप–स्वरूपात, शरीर–शरीराला. हा भेद लक्षात ठेवायला एकच जोडी पुरेशी आहे. दळून आणलेले पीठ मराठी, म्हणून 'पिठाचे'. विद्यापीठातले पीठ तत्सम, म्हणून 'विद्यापीठाचे'.

'पद्धतीशास्त्र'चा प्रश्न समासाचा आहे. कवी, गुरू, पद्धती, व्यक्ती हे शब्द मराठीत एकटे आले की शेवट दीर्घ लिहायचा. मूळ संस्कृतात तो ऱ्हस्व आहे, आणि समासात पहिले पद झाल्यावर तो ऱ्हस्वच राहतो : पद्धतिशास्त्र, व्यक्तिचित्रण, कृतिसंशोधन, गुरुपरंपरा. मंत्री, विद्यार्थी यांचेही तसेच : मंत्रिमंडळ, विद्यार्थिसंख्या. ज्यांचा शेवट मुळातच दीर्घ आहे ते बदलत नाहीत : स्त्रीवाद, शैलीविज्ञान, नदीकाठ. सर्वाधिक गोंधळ होतो तो प्रत्यय आणि समास यांत. 'पद्धतीने', 'व्यक्तीचे', 'कृतीतून' यांत पुढे नुसता प्रत्यय आहे, दुसरा शब्द नाही, म्हणून तिथे दीर्घच. आणि सामासिक शब्द तोडू नका. 'संशोधन पद्धतिशास्त्र' नव्हे, 'संशोधनपद्धतिशास्त्र'.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत : १९६२चे १४ आणि १९७२चे ४. प्रबंध लिहायला घेण्यापूर्वी ते एकदा सलग वाचा. शब्दकोश एका शब्दाचे उत्तर देतो, नियम कळला की दोनशे शब्द सुटतात.

शीर्षकाची दुरुस्ती मात्र नुसती टंकलेखनात करू नका. नोंदणीपत्रावर 'जाणीवा' असेल तर मार्गदर्शकांमार्फत संशोधन विभागाकडे रीतसर अर्ज करा आणि मंजुरीनंतरच बदल करा. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि नोंदणीपत्र यांवरचे शीर्षक अक्षरशः सारखे नसेल, तर प्रबंध खिडकीवरूनच परत येऊ शकतो.

प्रश्न : दुसऱ्या प्रकरणातला बराच भाग इंग्रजी ग्रंथांतून मराठीत उतरवला आहे. साम्य-तपासणीत, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते सॉफ्टवेअरने पाहिल्यावर, फक्त ४ टक्के आले. आता काळजीचे कारण नाही ना?

उत्तर : आहे, आणि मोठे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य. भाषा बदलली म्हणून कल्पना तुमची होत नाही. सॉफ्टवेअर बहुतांशी जुळणारे शब्द शोधते. भाषांतर त्याच्या हाती लागले नाही, तरी तो ग्रंथ वाचलेल्या परीक्षकाला ते दुसऱ्या परिच्छेदातच कळते.

टक्केवारीचा अर्थही नीट समजून घ्या. १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांसाठी सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे अंश मोजणीतून वगळले जातात. म्हणजे अवतरणचिन्ह आणि पृष्ठक्रमांक देण्यात तुमचा तोटा काहीच नाही.

आता दुरुस्ती. प्रत्येक परिच्छेदासमोर मूळ पुस्तक उघडून बसा. शब्द महत्त्वाचे असतील तर ते अवतरणात ठेवा आणि तळटीपेत पृष्ठक्रमांकापुढे 'भाषांतर माझे' असे लिहा. आशयच हवा असेल तर पुस्तक मिटून आपल्या वाक्यांत मांडा, मग उघडून पडताळा. तरीही संदर्भ द्यायचाच. मूळ ग्रंथ पाहिलाच नसेल, दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतला असेल, तर 'उद्धृत' म्हणून त्या दुसऱ्या पुस्तकाचा पृष्ठक्रमांक द्या. न पाहिलेला ग्रंथ सूचीत घालणे मौखिकीत फार महागात पडते.

प्रश्न : माझ्या साम्य-अहवालात ० टक्के आले आहे. मार्गदर्शक म्हणतात, हे शक्यच नाही.

उत्तर : प्रबंध जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरांची प्रमाण संगणकीय पद्धत) नसलेल्या फॉन्टात टंकला आहे का ते पाहा. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. सॉफ्टवेअर ती वाचते आणि त्यांच्याशी जुळणारे काही सापडत नाही. एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. अर्थहीन रोमन अक्षरे आली तर शंका खरी.

युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर रफार आणि जोडाक्षरे हाताने तपासा. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर डोंगरातून थेट समुद्रात पोहोचाल. 'ॲ' हे अक्षर एकच असते, पण काही जण 'अ'वर वेगळी चंद्रकोर टंकतात; दिसायला सारखे, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे निसटते. संपूर्ण प्रबंधात एकच रूप ठेवा. नंतर पुन्हा तपासणी करा आणि नव्या अहवालावर मार्गदर्शकांची सही घ्या. जुना शून्य टक्क्यांचा अहवाल प्रबंधाला जोडू नका.