खापर आतून बघितल्याशिवाय ‘रोमन’ लिहू नका

तुमचा धागा वाचला आणि हसू आलं, राग मानू नका. एम.ए.चा प्रबंध रोमन समाजातल्या वाइनवर, कला-धर्म-दैनंदिन जीवन ही तीन प्रकरणं बऱ्यापैकी झालेली, आणि आता गाईड म्हणतात की महाराष्ट्रात सापडलेल्या रोमन अम्फोरांवर (वाइन, तेल वाहून न्यायचे दोन कानांचे मातीचे रांजण) चौथं प्रकरण जोडा. ते तुकडे ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहेत ते हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. सबमिशन तोंडावर. या नाटकात मीही काम केलंय, म्हणून एवढं लांब लिहितोय.

आधीच सांगतो, मी प्राध्यापक नाही. पदवी घेतली, पुढे पोटासाठी दुसरंच काही केलं. शेवटचा शब्द तुमच्या गाईडचा. वाइनचा देव बॅकस कोण आणि वाइनमध्ये पाणी का घालत, यात वेळ घालवत नाही. तुमच्या जोडलेल्या सिनॉप्सिसवरून ते तुम्हाला येतंय हे दिसतं.

तर कार्यालय. माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं. नाव लिहीत नाही, गावही नाही. अर्ज दिला तर म्हणाले, विभागप्रमुखांच्या सहीने आणा. तसा आणला तर विषयात ‘मद्य’ शब्द आहे, तो बदला. (खरंच. ‘द्राक्षरस’ असा पर्यायही सुचवला.) तो बदलला तर साहेब दौऱ्यावर. शेवटी पदरात काय पडलं, तर काचेच्या कपाटाबाहेरून फ्लॅश न वापरता मोबाइलने फोटो काढायची परवानगी. तुकडा हातात घ्यायचा नाही, उलटा करायचा नाही. ‘लेबलवर रोमन अम्फोरा लिहिलंय ना? मग अजून काय बघायचंय?’

अजून जे बघायचं असतं ते आतल्या बाजूला आणि मोडलेल्या कडेवर असतं. पश्चिम भारतातल्या उत्खननांच्या जुन्या अहवालांत ‘रोमन अम्फोरा’ म्हणून नोंदलेली बरीच खापरं मुळात रोमन नाहीतच. प्राचीन भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी असे तुकडे पुन्हा हातात घेऊन तपासले, तेव्हा त्यातले कितीतरी ‘टॉर्पेडो जार’ निघाले, म्हणजे मेसोपोटेमिया-इराणकडचे लांबुळके रांजण. त्यांचा काळही बराच पुढपर्यंत, पार इराणच्या सासानी राजवटीपर्यंत आणि सुरुवातीच्या इस्लामी काळापर्यंत जातो. त्या लेबलावर विसंबून तुम्ही पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातली वाइन दख्खनच्या पठारावर आणलीत, तर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बसलेला जाणकार माणूस तुम्हाला सोडणार नाही.

नंतर दुसऱ्याच ठिकाणी एका भल्या माणसाने ट्रे समोर ठेवला आणि ‘बघा निवांत’ म्हणून चहाला गेला. जाड, वळवलेला काठ. काठाखाली मान अशी नाहीच, लगेच खांदा. कान चिकटल्याची कुठे खूण नाही. माती फिकट. आत काळा, थोडा तडकलेला थर. लक्षणं टॉर्पेडो जारची, चिठ्ठी मात्र तीच: रोमन अम्फोरा. इथे एक खाचखळगा आहे. आत काळं दिसलं की लगेच निकाल देऊ नका. टॉर्पेडो जारला आतून डांबर असतं, पण रोमन वाइनच्या अम्फोरालाही आतून पाइनची राळ फासत, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही काळीच दिसतात. त्याची खात्री रासायनिक तपासणीनेच होते. डोळ्यांनी ओळखायचं ते कानांवरून आणि मातीवरून. ‘ड्रेसेल २-४’ या रोमन वाइन-अम्फोराच्या प्रकाराचा कान दोन गोल कांड्या शेजारी शेजारी जोडल्यासारखा दिसतो. आणि माल कॅम्पानियाचा, म्हणजे व्हेसुव्हियसच्या परिसरातला असेल, तर मोडलेली कड तीळ लावलेल्या भाकरीसारखी काळ्या चमकदार कणांनी भरलेली असते. ती ज्वालामुखीची वाळू.

माझ्या मते (पटलं नाही तर सोडून द्या) चौथं प्रकरण करूच नका. दोन पानांची पुरवणी पुरे. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’, म्हणजे समुद्री व्यापाराची ग्रीक मार्गदर्शिका, सांगतो की बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला, वाइन येई; पसंती इटलीच्या वाइनला, शिवाय लाओडिकिया आणि अरबस्तानचीही. हे ठाम लिहा. पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांची नावंही त्यात आहेत, पण तिथून भडोचला उतरणाऱ्या मालाच्या संदर्भात. वाइन वर घाट चढली असं त्यात म्हटलेलं नाही, ते तुम्ही त्याच्या तोंडी घालू नका.

वाचलेली पानं व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेल्या पॉम्पेई शहराला द्या. खरं तर तुमची तीन प्रकरणं वेगळी काढणंच मला पटलेलं नाही. ‘हाउस ऑफ द सेंटेनरी’मधलं देवघराचं भित्तिचित्र घ्या, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे, नोंदणी क्रमांक ११२२८६. बॅकसचं अख्खं अंग म्हणजे द्राक्षांचा घड. त्यातून फक्त डोकं, हात आणि पाय बाहेर. हातातल्या पेल्यातून वाइन सांडतेय आणि खाली बिबळ्या ती चाटतोय. शेजारी डोंगर, बहुधा व्हेसुव्हियस, आणि त्याच्या खालच्या उतारावर ओळीत लावलेले वेल. खाली वेदीकडे सरपटणारा साप. आणि हे देवघर घराच्या नोकरचाकरांच्या भागातलं! हे कोणत्या प्रकरणात घालणार? कला, धर्म, पोटापाण्याची शेती, सगळं एका भिंतीवर आहे.

रोजच्या जगण्यासाठी साल्वियसच्या खानावळीची भिंत (त्याच संग्रहालयात, १११४८२). मोलकरीण सुरई आणि पेला घेऊन येते. एक म्हणतो, ‘इकडे!’ दुसरा म्हणतो, ‘नाही, माझी आहे.’ ती म्हणते, ‘ज्याला हवी त्याने घ्या. ओशियानस, ये, पी.’ शब्द चक्क माणसांच्या डोक्यावर लिहिलेत. पुढच्या चित्रांत फासे, भांडण आणि दोघांची हकालपट्टी. भाव हवे असतील तर पॉम्पेईच्या भिंतीवरचा हेडोनेच्या नावाचा मजकूर आहे: एका अ‍ॅसला (तांब्याचं छोटं नाणं) पिता येईल, दोन दिलेत तर बरी मिळेल, चार दिलेत तर फालर्नियन, म्हणजे इटलीतली नावाजलेली वाइन. ही जाहिरात आहे, एवढं भान ठेवा. त्या चार अ‍ॅसच्या पेल्यात खरीच फालर्नियन होती की नाही, ते पिणाऱ्यालाच ठाऊक.

तसंच पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’ या विनोदी कादंबरीत ट्रिमाल्कियो नावाच्या श्रीमंताच्या मेजवानीत येणारी ‘शंभर वर्षांची ओपिमियन’ (ओपिमियसच्या वर्षातली) वाइन पुरावा म्हणून देऊ नका. ओपिमियस कॉन्सल (रोमचा वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी) होता इ.स.पू. १२१ मध्ये, कादंबरीच्या म्हणजे सम्राट नीरोच्या काळात ती वाइन पावणेदोनशे वर्षांच्या पुढची झाली असती. लेबलच चुकलंय, तोच विनोद आहे. (लेबलांबद्दल मी अजून काही बोलत नाही.)

बॅकसच्या पूजेवरच्या इ.स.पू. १८६ च्या रोमन सिनेटच्या ठरावाला ‘बॅकसवर बंदी’ म्हणू नका. दक्षिण इटलीत टिरिओलोला सापडलेला, तो ठराव कोरलेला काशाचा पत्रा व्हिएन्नात आहे, त्याचं भाषांतर नीट वाचा. जुनी श्रद्धा म्हणून ज्याला पूजा करायचीच आहे त्याने प्रेटरकडे (रोमच्या न्यायाधिकाऱ्याकडे) जायचं, प्रेटरने सिनेटला विचारायचं, सिनेटमध्ये त्या वेळी किमान १०० जण हजर हवेत, आणि एवढं करून पूजेला पाचच माणसं, पुरुष दोन आणि बायका तीन. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या साहेबांची सही डोळ्यांसमोर आली. वाइनला यात कुणीच हात लावलेला नाही. एप्रिलच्या २३ तारखेला व्हिनालिया या वाइनच्या सणाचा नैवेद्य ज्युपिटरला चालूच होता.

अवांतर: मोंते तेस्ताच्चोचा फोटो वाइनच्या प्रकरणातून काढा. रोममधली ती टेकडी फुटक्या अम्फोरांचीच आहे, पण बहुतेक ऑलिव्ह तेलाच्या, दक्षिण स्पेनमधून आलेल्या.

शिवाय तुमच्या तक्त्यात अम्फोरा हे माप आणि अम्फोरा हे भांडं एकच धरलंय. माप साधारण २६ लिटरचं, त्यात ४८ सेक्स्टारियस (साधारण अर्ध्या लिटरचं रोमन माप). भांड्यात मात्र प्रकाराप्रमाणे कमी-जास्त मावे. गाईडकडे जायच्या आधी तेवढा रकाना वेगळा करा.