आधी हिपॅटिक व्हेन बघ

प्रिय डॉक्टर,

"लिव्हरमध्ये गाठच नसेल तर काँट्रास्ट सोनोग्राफी कशाला करायची?" असं तू परवा विचारलंस. मी घाईत दिलेलं उत्तर नंतर मलाच पटलं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलो आहे.

गाठीचं तुला येतंच. लिव्हर व्रणांनी आकसून कडक झालेल्या, म्हणजे सिरोसिसच्या, रुग्णात 1 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ धमनीच्या टप्प्यात उजळली, 60 सेकंद उलटल्यावर हलकेच फिकी पडली, की लिव्हरच्या कॅन्सरबद्दल काय लिहायचं ते तुला पाठ आहे. मला बोलायचंय ते गाठीबाहेरच्या लिव्हरबद्दल. लिव्हरमधून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या हिपॅटिक व्हेनमध्ये काँट्रास्ट किती सेकंदांत पोचतं, त्यावरून सिरोसिसचा अंदाज येतो.

या तपासणीत काँट्रास्ट म्हणून आपण शिरेतून सोडतो तो बुडबुडा लाल पेशीपेक्षाही लहान असतो. आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू, भोवती फॉस्फोलिपिडचं पातळ कवच. सीटीचं औषध वाहिनीतून झिरपून पेशींच्या मधल्या जागेत जातं. हा मात्र रक्ताची वाट सोडत नाही. निरोगी लिव्हरमध्ये त्याला सायनुसॉइडच्या, म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या, जाळीतून रमतगमत जावं लागतं. फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रणाचे धागे साचणं) वाढला की त्या जाळीची सूक्ष्म छिद्रं बुजतात, आतड्यांकडून येणारं पोर्टल रक्त अडतं, धमनीचा वाटा वाढतो आणि मधली जाळी टाळून थेट व्हेनमध्ये उतरणाऱ्या आडवाटा तयार होतात. त्यात सिरोसिसमध्ये हृदय जास्त रक्त फेकत असतं. म्हणून हाताच्या शिरेतून निघालेला बुडबुडा हिपॅटिक व्हेनमध्ये लवकर पोचतो. 1999 साली लंडनच्या एका गटाने हे मोजून 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, तेव्हा सिरोसिसच्या रुग्णांत ही वेळ 24 सेकंदांच्या आत आली होती. तो आकडा मात्र उचलून स्वतःच्या रिपोर्टमध्ये टाकू नकोस. त्यांचं काँट्रास्ट वेगळं होतं आणि मोजणी डॉप्लरवर होती. आपल्या मशीनवर, आपल्या औषधाने निरोगी माणसात किती सेकंद लागतात हे आधी ठाऊक हवं.

आता माझी एक चूक सांगतो. प्लेटलेट कमी, प्लीहा मोठी, लिव्हरची कड खडबडीत असा एक रुग्ण होता. व्हेन उजळली 31व्या सेकंदाला. मी लिहिलं, "सिरोसिसची शक्यता कमी." त्याचा इको फाइलमध्येच होता आणि मी तो उघडला नव्हता. हृदयाचा डावा कप्पा दमलेला होता. बुडबुडे उशिरा आले ते लिव्हरपर्यंतच उशिरा पोचले म्हणून. त्या दिवसापासून मी एकट्या व्हेनची वेळ कधी लिहीत नाही. हिपॅटिक आर्टरी (लिव्हरची धमनी) आणि हिपॅटिक व्हेन एकाच फ्रेममध्ये धरतो आणि दोन्ही उजळण्यामधलं अंतर मोजतो. हृदयाचा उशीर त्यात बराचसा वजा होतो. उलट बाजूही लक्षात ठेव: लिव्हरमध्ये कॅन्सर पसरलेला असेल तर सिरोसिस नसतानाही व्हेन लवकर भरू शकते.

हाताचं कसब इथे फार महत्त्वाचं आहे. कॅन्युला कोपराच्या मोठ्या शिरेत हवी. मनगटाजवळ बारीक सुई लावून जोरात ढकललंस तर बुडबुडे वाटेतच फुटतात. मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे ध्वनिलहरींचा जोर, खाली ठेव. काँट्रास्टमागोमाग सलाईन, आणि स्टॉपवॉच दर वेळी त्याच क्षणी सुरू. तो क्षण कोणता हे रिपोर्टमध्ये लिही. रुग्ण उपाशीपोटी असू दे, कारण जेवणानंतर पोर्टल प्रवाह वाढतो. औषधात असलेल्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलची अ‍ॅलर्जी विचारल्याशिवाय व्हायल उघडायची नाही. गंभीर रिअ‍ॅक्शन विरळा असते, पण येते तेव्हा काही मिनिटांतच येते. किडनीचं मात्र भय नको. वायू श्वासातून निघून जातो, आणि किडनी कमजोर असलेल्या सिरोसिसच्या रुग्णाला याचं केवढं मोल आहे ते तू वॉर्डात बघतेच आहेस.

फायब्रोसिसच्या मधल्या पायऱ्या या सेकंदांतून वेगळ्या काढायला जाऊ नकोस. तिथे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यासाठी लिव्हरचा कडकपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी बरी. तिचेही रुसवे आहेत: हिपॅटायटिस भडकलेला असेल, पित्त अडलं असेल, तर कडकपणा खोटा वाढतो. कडकपणा 15 किलोपास्कल किंवा कमी आणि प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त असतील तर लक्षणीय पोर्टल हायपरटेन्शन (पोर्टल व्हेनमधला वाढलेला दाब) नाही असं धरता येतं, ही बावेनो 7 या तज्ज्ञांच्या सहमतीची रेघ मी रोज वापरतो.

मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे ती दाबाची. भोवतीचा दाब वाढला की बुडबुड्याच्या प्रतिध्वनीतला सबहार्मोनिक भाग, म्हणजे आपण पाठवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या निम्म्यावर परतणारा आवाज, क्षीण होतो. त्यावरून पोर्टल दाबाचा अंदाज बांधण्याचं काम फिलाडेल्फियात बरंच पुढे गेलं आहे. आज लक्षणीय पोर्टल हायपरटेन्शनची पाऱ्याच्या 10 मिलिमीटरची सीमा ओलांडली का हे नेमकं ठरवायला मानेच्या शिरेतून कॅथेटर घालावा लागतो. ते एका इंजेक्शनवर आलं तर किती जणांचा त्रास वाचेल!

एक काम मात्र आतापासून कर. पहिल्या पंचवीस केसच्या क्लिप जपून ठेव, इंजेक्शनच्या आधीपासून सुरू झालेल्या. दुसऱ्या दिवशी आपलाच रिपोर्ट न बघता पुन्हा मोज. दोन आकड्यांत तीन सेकंदांहून जास्त फरक पडला तर ती क्लिप मला पाठव, आपण फ्रेम फ्रेम करून बघू.

सस्नेह