पूरगावातल्या आरोग्य स्वयंसेवकांना काय शिकवावं?

तुम्ही विचारलंय की कृष्णाकाठच्या तुमच्या गावात मंडळाची 30 पोरं तयार आहेत, दोन दिवसांचं प्रथमोपचार शिबिर घ्यायचंय, तर काय शिकवावं आणि किट कोणतं घ्यावं. सांगली भागात मी अशी शिबिरं बरीच वर्षं घेतोय, त्यावरून लिहितो.

आधी माणसं. या 30 जणांपैकी ऑगस्टमध्ये कामाच्या दिवशी भर दुपारी गावात कितीजण असतात ते मोजा. निम्मे एमआयडीसीत नाहीतर पुण्यात असतील. कायम गावात असतात त्या आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, मेडिकलवाला, डेअरीतली माणसं. त्यांना पहिल्यांदा घ्या. बायका नसतील तर शिबिरच घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो. निवारा केंद्रात एखाद्या गरोदर बाईच्या अंगावर रक्त जायला लागलं तर ती ते वीस वर्षांच्या पोराला सांगणार नाही.

दुसरं म्हणजे शिबिर म्हटलं की सगळ्यांना बँडेज आणि स्ट्रेचर दिसतं. भूकंपात ते खरंच लागतं. 1993 ला किल्लारी भागात ढिगारे उपसायला पहिले हात गावकऱ्यांचेच होते. आपला पूर वेगळा. 2019 ला पाणी दिवसचे दिवस उतरलं नाही. अशा वेळी जखमी थोडे असतात. हाल होतात ते आधीपासून आजारी असलेल्यांचे. इन्सुलिन संपलेलं, बीपीच्या गोळ्या पाण्यात गेलेल्या, डायलिसिसची तारीख उलटलेली, दिवस भरलेली बाई माडीवर अडकलेली. म्हणून पहिला अर्धा दिवस फक्त यादीला द्या.

यादी म्हणजे साधी वही. एका ओळीत नाव, गल्ली, आजार, रोजचं औषध, किती दिवसांचं शिल्लक, नातेवाइकाचा फोन आणि उचलून न्यायची वेळ आली तर कोणते दोघं नेणार त्यांची नावं. शेवटचा रकाना सगळे रिकामा ठेवतात आणि नेमका तोच कामाचा असतो. वही आशाताईंकडे, एक प्रत आरोग्य उपकेंद्रात. चावडीवर वाचायची नाही, व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. टीबी-एचआयव्हीचे रुग्ण त्यात असतात, एकदा नाव फुटलं की पुढच्या वेळी कोणी खरं सांगत नाही.

मग ही यादी सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीशी बांधा. तिथे 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका, हे गावात पोरासोरांना पाठ असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या गावचा रस्ता किती फुटांवर बंद होतो ते जुन्या माणसांना विचारा आणि त्याच्या बरंच आधी, उजेडात, डायलिसिसवाले आणि दिवस भरत आलेल्या बाया हलवा. 2019 लाच 8 ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात जादा माणसं बसलेली नाव उलटली, कितीतरी जीव गेले. आजारी माणसाला नावेत बसवायची वेळच येऊ नये, यासाठी ही सगळी धडपड. तरीही आलीच, तर लाइफ जॅकेटशिवाय कोणी चढायचं नाही.

हाताने करायच्या गोष्टी थोड्याच घ्या, पण प्रत्येकाला घाम येईपर्यंत करायला लावा. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं, पुतळ्यावरच शिकवा: मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती 5 सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे, 30 दाबांमागे 2 श्वास. बुडालेल्याला मात्र आधी तोंडाने श्वास, मग दाब. पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरून फिरवणं हे आपल्याकडे अजून चालतं. ते थांबवायला शिका. साप चावला तर चिरा नाही, आवळपट्टी नाही. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि 108 किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. कुठल्या दवाखान्यात साठा आहे हे मे महिन्यातच विचारून ठेवा.

पाणी ओसरल्यावर जुलाब आणि लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप. जुलाबावर एक लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येकाकडून करून घ्या. अंदाजाने मीठ टाकलेलं पाणी लहान बाळाला घातक ठरतं. पिण्याच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन पुरेसा उरलाय का ते बघायची चाचणी, कशी करायची ते आरोग्यसेवकाकडून शिका. लेप्टोसाठी देतात ती डॉक्सीसायक्लिनची गोळी स्वतःच्या मनाने वाटायची नाही. गरोदर बाया आणि लहान मुलांचा प्रश्न असतो, ते डॉक्टरच ठरवतील.

पोहणारी, दमदार पोरं असतील त्यांची नावं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’ या सरकारी स्वयंसेवक योजनेसाठी द्या. ते प्रशिक्षण 12 दिवसांचं असतं, बचावकार्य तिथेच नीट शिकवतात. दोन दिवसांच्या शिबिरावर कोणाला पुरात उतरवू नका.

किटवर फार पैसे घालू नका. हातमोजे, गॉज, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, ओआरएस, थर्मामीटर, बीपीचं आणि साखर तपासायचं मशीन (पट्ट्यांची तारीख बघून), टॉर्च, शिट्टी आणि वहीसाठी जाड प्लास्टिकची पिशवी. वीज गेल्यावर इन्सुलिन थंड ठेवायला छोटं मातीचं मडकं आणि ओलं फडकं, कुपी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत. उरलेल्या पैशातून सीपीआरचा एक पुतळा शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून घ्या, आणि दर तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी सकाळी तासभर सगळ्यांना त्यावर बसवा. पहिली उजळणी जून लागायच्या आधी, वहीतली औषधं आणि फोन नंबर त्याच दिवशी तपासून घ्या.