गुडघेदुखी : ज्वारीचं फडकं आणि बारा आठवडे

प्रश्न : वय ५८. आयुष्य शेतात गेलं. फोटो काढून डॉक्टर म्हणाले, ‘वंगण संपलंय, झीज झालीय.’ व्यायाम केला तर उरलंसुरलंही घासून जाईल ना? (शेतकरी महिला, गेवराई तालुका)

मावशी, या ‘वंगण’ शब्दानं जेवढी माणसं बाजेवर बसवली, तेवढी खुद्द झिजेनं बसवली नसतील. गुडघा म्हणजे मोटारीचं बेअरिंग नव्हे. हाडाच्या टोकावरच्या कूर्चेला, म्हणजे गुळगुळीत लवचिक थराला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या पातळ द्रवातून होतं. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की द्रव शोषून घेते. चालणं थांबलं की तिचा खुराकही आटतो. त्यातून मांडीचे स्नायू वाळतात, गुडघ्याला आधार उरत नाही आणि दुखणं वाढतं. शिवाय फोटोतली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. फोटो वाईट असूनही निवांत चालणारे भेटतात, तसे फोटो बरा असून कण्हणारेही.

प्रश्न : आमच्या गावात जिम नाही की फिजिओथेरपिस्ट नाही. नेमकं करायचं काय? (औंढा तालुका, हिंगोली)

जिमचं काही अडत नाही. एक प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बाज नको, ती झोल खाते. छातीवर हात बांधून उठा, आणि बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत बसा. दहा वेळा. पहिल्या दिवशी हात टेकावे लागले तर टेका, लाजू नका.

दुसरा व्यायाम माझा लाडका. जुन्या लुगड्याच्या फडक्यात अर्धा किलो ज्वारी बांधून ती पुरचुंडी घोट्यावर घट्ट आवळा. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच मोजेपर्यंत धरा, सावकाश खाली घ्या. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की ज्वारी वाढवा. माझ्याकडच्या एका आजींनी ज्वारीऐवजी फुटाणे भरले होते. पंधरा दिवसांत वजन वाढायचं सोडून घटलं, कारण नातवंडं!

तिसरा म्हणजे एका पायरीवर चढउतार, भिंतीला हात लावून. जोडीला उन्हं चढायच्या आत वीस-तीस मिनिटं चालणं. काढणीला उकिडवं बसावं लागत असेल तर दुखणं शमेपर्यंत बुटकं लाकडी स्टूल घ्या आणि दर अर्ध्या तासानं उठा.

प्रश्न : फरक किती पडतो? खरा आकडा सांगा. (निवृत्त शिक्षक, लातूर)

सर, चमत्कार नाही. कोक्रेन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. गुडघ्याच्या झिजेवरच्या व्यायामाचा तिचा आढावा २०२४ मध्ये सुधारून निघाला. त्यात १३९ चाचण्या आणि बारा हजारांहून अधिक रुग्ण होते. ० ते १०० च्या पट्टीवर दुखणं सरासरी ९ ते १३ अंकांनी कमी झालं, तुलना कशाशी केली त्यानुसार. रोजच्या जगण्यात एवढा फरक प्रत्येकाला जाणवेलच असं नाही, हे आढाव्यातही मान्य केलंय. तरी मी व्यायामच सुचवतो. सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्यांचा फायदाही साधारण याच पट्टीतला, पण त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडाला झळ बसते. ही मात्र सरासरी आहे, कुणाला बराच गुण येतो तर कुणाला काहीच नाही. आठ ते बारा आठवडे नेमानं करून मगच ठरवा. आणि सोडलं की फायदा ओसरतो. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं.

प्रश्न : मुलगा म्हणतो इंजेक्शन घे, सासूबाई म्हणतात बिब्बा लाव. (परभणी)

बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात. मधुमेह असेल तर जखम चिघळते. तो नकोच. रुईचं पान गरम करून बांधायला हरकत नाही, शेक बरा वाटतो, पण चटका बसू देऊ नका. इंजेक्शनचं म्हणाल, तर २०२० मध्ये अमेरिकेत १५६ रुग्णांवर तुलना झाली. वर्षभरानंतर स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा फिजिओथेरपी केलेले बरे होते. ऐन दुखण्यात तात्पुरता उतार हवा असेल तर डॉक्टरांशी बोला. बाकी वजन जास्त असेल तर एक किलो उतरवल्यावर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे दोघांनाही सांगा.

प्रश्न : व्यायाम करताना दुखतं. थांबू का? आषाढीला पायी जायचंय. (पैठण)

दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत पूर्ववत झालं, तर चालू ठेवा. त्याहून जास्त रेंगाळलं तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, बंद करू नका. गुडघा लालभडक, गरम होऊन ताप आला, मध्येच अडकून बसला, किंवा रात्रीची झोप उडाली, तर मात्र आधी डॉक्टर. वारीची तयारी तीन महिने आधी लागते. आज एक किलोमीटर जमत असेल तर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, आणि नवी चप्पल घालून निघू नका.