कॅनडातल्या विनिपेगला निघालायस? आधी हे ऐक

भावा, रंकाळ्यावरच्या पहाटेच्या गारठ्यावरून तिकडच्या थंडीचा अंदाज बांधू नकोस. विनिपेगला जानेवारीत पारा उणे ३० पर्यंत जाणं नवलाचं नाही. जाड जॅकेट इथनं नेऊ नको, तिथलंच घे. आत सुती बनियन तर अजिबात नको; ते घाम धरून ठेवतं आणि अंगावरच गार पडतं. लोकरीचं थर्मल, वर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा स्वेटर), मग वारा अडवणारं जॅकेट. बूट जरा सैलच घे (कोल्हापुरी न्यायचीच असेल तर घरात घालायला), जाड मोजे घातल्यावर बोटं हलली पाहिजेत. आवळला की रक्त पोचत नाही, पाय बधिर. बर्फावर छोटी पावलं टाक, हात खिशाबाहेर. हीटरनं घरातली हवा कोरडी होऊन ओठ फुटतात, व्हॅसलीन जवळ ठेव.