मिसेस ग्रॅहमसमोर वीस मिनिटं उभी राहा

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

एडिनबरोहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. नॅशनल गॅलरीत जाऊन अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार थॉमस गेन्सबरो याने काढलेलं मिसेस ग्रॅहमचं व्यक्तिचित्र पाहिलंस, याचा फार आनंद झाला. पण 'तिच्या डोळ्यांत पुढे येणाऱ्या दुःखाची सावली दिसते' असं तू लिहिलं आहेस, त्याबद्दल बोलायलाच हवं. रागावले नाही. हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत माझ्याही जुन्या वहीत आहे.

तू गोष्ट आधी वाचलीस, चित्र नंतर पाहिलंस. गोष्टच तशी आहे. मेरी ग्रॅहम 1792 साली क्षयाने गेली, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, बोटीवर. नवरा शवपेटी घेऊन मायदेशी निघाला, तर वाटेत तुलूझजवळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या शिपायांनी ती फोडून आत पाहिलं. पुढे तो सैन्यात गेला, नावाजला, पण बायकोचं हे चित्र त्याला डोळ्यांसमोर नकोसं झालं. लंडनमध्ये ते बंद करून ठेवलं गेलं आणि 1843 साली, नव्वदी ओलांडलेला तो म्हातारा गेल्यावरच बाहेर निघालं. हे सगळं ठाऊक असताना कुणाला त्या डोळ्यांत दुःख दिसणार नाही?

पण तारखा बघ. गेन्सबरो हे चित्र 1775 ते 1777 या काळात रंगवत होता. मेरीचा जन्म 1757 चा. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं, वय अठरा-एकोणीस. मरण तिच्यापासून पंधरा वर्षं लांब होतं. चित्रकाराला ते माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. ती सावली कॅनव्हासवर नाही, बाळ, ती आपण घरून नेली होती.

म्हणून पुन्हा जा. तिथे तिकीट लागत नाही, तेव्हा तासभर एकदाच थांबण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं चार वेळा जा. चेहऱ्याकडे शेवटी वळ. साडी घेताना आपण काठ बघतो, पदर उलगडतो, पोत बोटांनी चाचपतो, तसं खालून वर ये. (हात मात्र मागे बांधून!) खाली गडद गुलाबीकडे झुकणारा लाल घागरा आहे, त्यावर उचलून धरलेलं रुपेरी-पांढरं रेशीम. त्या रेशमाच्या एका चुणीपाशी थांब आणि तिथे पांढरा रंग खरोखर किती आहे ते शोध. राखाडी, निळसर, पिवळट, कुठे खालच्या लालाची झाक, असं करत करत पांढरा उरतो तो चार-दोन फटकाऱ्यांपुरता.

मग इतकी जवळ जा की बाई नाहीशी होईल आणि नुसता रंग उरेल. गेन्सबरो रंग पातळ करून वापरायचा, लांब दांड्याच्या ब्रशने, पुष्कळदा मंद उजेडात. कपडे रंगवायला इतरांकडे द्यायची तेव्हा सर्रास पद्धत होती. हा मात्र बहुतेक वेळा स्वतःच रंगवायचा, आणि ते त्या लेसमध्ये दिसतं. जवळून नुसते ओरखडे. एकेक पाऊल मागे सरत जा आणि ओरखड्यांची लेस नेमकी कुठल्या पावलाला होते ते मोज. गेन्सबरो 1788 साली गेला. त्यानंतर त्याचा प्रतिस्पर्धी चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेतल्या व्याख्यानात हेच बोलला होता: जवळून गोंधळ वाटणाऱ्या या खुणा ठरावीक अंतरावर जादूने आकार घेतात. ज्याच्याशी आयुष्यभर चढाओढ केली, त्याच्याबद्दल हे बोलणं मला फार मोठं वाटतं.

कपडे पाहताना आणखी एक ध्यानात घे. ती उभी कॉलर, तो थाट तिच्या काळातला नाहीच. फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकने 1630 च्या दशकात इंग्लंडच्या दरबारातल्या बायका रंगवल्या, त्यांचा तो पेहराव. आजची मुलगी नऊवारी नेसून, नथ घालून फोटोला उभी राहते, तसंच हे. मात्र टोपीवरची शहामृगाची पिसं ऐन 1770 च्या दशकातली फॅशन. म्हणजे समोर उभी आहे ती पणजीच्या वेशात नटलेली, हौशी, श्रीमंत, तरुण मुलगी. वडील रशियात ब्रिटनचे राजदूत होते. परक्यांच्या नजरा झेलत कसं उभं राहायचं हे तिला लहानपणापासून ठाऊक असणार. ती आपल्याकडे बघत नाही, बाजूला बघते. दुःख, असं मी त्याला म्हटलं होतं. आता ते मला मोठ्या घरच्या मुलीचं शिकवलेलं उभं राहणं वाटतं, आणि कदाचित पाय अवघडल्याचा थोडा कंटाळाही. हेही माझं अनुमानच. तुझं वेगळं निघालं तर मला हवंच आहे, फक्त ते रंगात कुठे दिसलं ते सांग.

गोष्ट विसरून जा असं मी म्हणत नाही. त्या म्हाताऱ्याने हे चित्र का झाकून ठेवलं असेल, हे त्या रेशमाच्या जिवंतपणासमोर उभं राहिल्यावरच मला कळलं. पण तो शोक त्याचा होता, चित्रातल्या मुलीचा नव्हे.

1859 साली वारसाने हे चित्र गॅलरीला दिलं ते स्कॉटलंडबाहेर कधीच न्यायचं नाही या अटीवर. म्हणजे मला आता तुझ्याच डोळ्यांवर भिस्त ठेवायची आहे. पुढच्या पत्रात चेहऱ्याबद्दल एक अक्षर नको. तिच्या खाली सोडलेल्या हातात एक पीस आहे. ते बोटांनी धरलंय, की नुसतं अडकून राहिलंय, एवढंच नीट बघून कळव.

तुझी,
बाई